आकडा तेवढा सांगा: एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
पेट्रोल विकणाऱ्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे अधिकारी,

स. न. वि. वि.

मी गॅरेज चालवतो. २३ वर्षं झाली. स्कूटर, मोटारसायकली आणि छोट्या मोटारी माझ्याकडे येतात. मला बिलं लिहायची सवय आहे, पत्रं लिहायची नाही. तेव्हा मजकूर कुठे बिलासारखा वाटला तर सांभाळून घ्या.

पत्र पेट्रोलच्या ‘ऑक्टेन’ या आकड्याबद्दल आहे, पण त्याला निमित्त झालं एक एअर फिल्टर.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक स्कूटर घेऊन आले. घाम पुसत म्हणाले, “मिस्त्री, हिच्यात दमच उरला नाही. चढ आला की रडते.” मी साइड कव्हर काढून फिल्टर बाहेर घेतला आणि उजेडाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना. जाळीत धूळ आणि तेल मिळून पापडी धरलेली. प्लग काढला तर टोक झिजून गोल झालेलं आणि गॅप डोळ्यांनी कळावी इतकी वाढलेली.

“सर, शेवटची सर्व्हिस कधी केली होती?”

“सर्व्हिस कशाला? अरे, मी चार वर्षं सगळ्यात महागडं पेट्रोल टाकतोय. साध्याला हात लावलेला नाही. इंजिन आतून स्वच्छ राहतं, ताकद वाढते. पंपावर एवढं मोठं लिहिलंय की.”

शिक्षक माणूस, हिशेबाला पक्का. खिशातून डायरी काढून दाखवली. तारीख, लिटर, किलोमीटर, सगळं ओळीत मांडलेलं. चार वर्षांत ॲव्हरेज ४८ वरून ३९ वर आलेलं, आणि दर भरण्यापुढे बारीक अक्षरात ‘प्रीमियम’. मला हसू येईना. त्यांनी जास्तीचे पैसे भरले ते एक, आणि त्या भरवशावर सर्व्हिस टाळली ते दुसरं. नुकसान खरं तर दुसऱ्यानं झालं. नवा फिल्टर, नवा प्लग, ऑइल बदली, कार्बुरेटरची सफाई. त्यानंतर साध्या पेट्रोलवर स्कूटरनं ४६ दिलं.

त्या स्कूटरचं मॅन्युअल ९१ ऑक्टेन मागतं. इंजिन एका सिलिंडरचं, टायमिंग ठरलेलं, नॉक, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकल्याची टिकटिक, ऐकणारा सेन्सर नाही. त्या इंजिनाला ९१ द्या, ९५ द्या किंवा ९८ द्या, प्लग आपल्या ठरल्या वेळीच ठिणगी टाकणार. वरच्या आकड्याचं काय करायचं हे त्याला ठाऊकच नाही. हे मला ठाऊक आहे आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी चार वर्षांत सरांना ते कुणी सांगितलं नाही, म्हणून हे पत्र.

सर म्हणाले तो शब्द धरूनच बोलतो. दम. आपल्याकडे गाडीत दम असतो आणि माणूस दम धरतो. शब्द एक, अर्थ दोन. ऑक्टेनचा आकडा दुसऱ्या दमाचा आहे. सिलिंडरात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ठिणगी पडेपर्यंत त्यानं आपण होऊन पेट घेऊ नये अशी अपेक्षा असते. जितका आकडा मोठा, तितका वेळ ते पेट्रोल दम धरतं. त्यात जास्त आग आहे, असं त्या आकड्यात कुठेही म्हटलेलं नाही. तुम्ही मात्र फलकावर पहिला दम लिहून दुसरा दम विकता.

आता थोडं खोलात जातो, कारण हे पत्र तुमच्याबरोबर गिऱ्हाइकंही वाचणार आहेत.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद मिळतात. पेट्रोल स्फोटासारखं एकदम जळतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. प्लगपाशी ज्योत पेटते आणि ती सिलिंडरभर पसरत जाते. त्याला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच टाकावी लागते, म्हणजे सगळ्यात जास्त दाब पिस्टन खाली निघता निघता मिळतो. इथवर ठीक. ज्योत पुढे सरकते तसं कोपऱ्यात उरलेलं, अजून न पेटलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. त्याचा दम सुटला की ते ज्योतीची वाट न बघता जागच्या जागी भडकतं. दाबाची लाट धातूवर आपटते. बाहेर ऐकू येतं ते टिक-टिक-टिक, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं. याला आम्ही नॉकिंग म्हणतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पिळला की हमखास.

हा दम मोजायची पट्टी १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनज्ञानं सुचवली. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक करतं, त्याला ० दिला. आयसो-ऑक्टेन दम धरतं, त्याला १०० दिले. तुमचं पेट्रोल ९५ आहे याचा अर्थ ते चाचणीच्या इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. बस. ते चाचणीचं इंजिनही मजेदार आहे: एकच सिलिंडर, आणि चालू असताना कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबायचं ते, कमी-जास्त करता येतं. नॉक लागेपर्यंत पिळायचं आणि आकडा वाचायचा. त्या चाचणीत अश्वशक्ती कुणी मोजत नाही.

आकड्यात ऊर्जा नसते याचा पुरावा तुमच्याच टाक्यांत आहे. इथेनॉलचा रिसर्च पद्धतीनं मोजलेला ऑक्टेन (पद्धतींचं पुढे सांगतो) १०० च्या बराच वर असतो, पण एका लिटरमध्ये ऊर्जा साधारण २१ मेगाज्यूल. पेट्रोलमध्ये ती ३२ च्या आसपास. म्हणजे जास्त ऑक्टेनवाल्याच्या अंगात एक तृतीयांश कमी. आणि डिझेल? ऑक्टेनच्या पट्टीवर ते पार तळाला, कारण आपण होऊन पेट घेणं हेच त्याचं काम. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जास्त. आकडा म्हणजे ताकद असती तर ट्रक इथेनॉलवर डोंगर चढले असते आणि डिझेल कंदिलात गेलं असतं.

मग ऑक्टेनचा उपयोगच नाही का? आहे, आणि मोठा आहे. माझं भांडण ऑक्टेनशी नाही.

१९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईचं उदाहरण तुमच्या लोकांना आवडतं, म्हणून तेच घेतो. ब्रिटिश लढाऊ विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं आणि स्पिटफायर, हरिकेनची मर्लिन इंजिनं एकदम जास्त जोर देऊ लागली. खरं आहे. पण कसं? सुपरचार्जरनं इंजिनात हवा कोंबायची मर्यादा आधी चौरस इंचाला ६.२५ पौंड होती, ती १२ पर्यंत वाढवायची परवानगी मिळाली आणि त्यासाठी इंजिनात बदल केले गेले. ताकद आली ती जास्त हवा, जास्त पेट्रोल आणि जास्त दाब यांतून. पेट्रोलनं फक्त तेवढ्या दाबाला दम धरला. बदल न करता टाक्यांत नुसतं १०० ऑक्टेन ओतलं असतं तर वैमानिकाच्या हाताला फारसं काही वेगळं लागलं नसतं.

आजच्या गाड्यांतही तेच. मझदानं स्कायॲक्टिव्ह-जी इंजिन आणलं तेव्हा युरोपात कॉम्प्रेशन १४ ला १ ठेवलं, आणि अमेरिकेत साध्या पेट्रोलसाठी ते १३ ला १ केलं. आधी कागदावर इंजिन ठरतं, मग त्याला कुठलं पेट्रोल लागेल ते. तुमचे इंजिनिअर या क्रमानं विचार करतात. तुमचे जाहिरातवाले उलट्या.

टर्बोच्या, थेट इंजेक्शनच्या, उंच कॉम्प्रेशनच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. सिलिंडर ब्लॉकला बोल्टनं बसवलेला छोटासा कान समजा. नॉकची लाट साधारण सेकंदाला ६-७ हजार कंपनांची; तेवढी ऐकली की तो संगणकाला सांगतो आणि संगणक ठिणगी दोन-चार अंश उशिरा टाकतो. टिकटिक थांबते, त्याबरोबर थोडी ताकद आणि थोडं ॲव्हरेजही जातं. अशा गाडीत वरचं पेट्रोल टाकलं तर ते गेलेलं परत मिळतं. गेलेलं, इतकंच. कंपनीनं संगणकात जेवढी सीमा आखली असेल तिच्या पुढे ती गाडी एक अंशही जात नाही.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं हे तपासून ठेवलंय. २०१६ साली साधं पेट्रोल पुरेसं असलेल्या गाड्यांत त्यांनी प्रीमियम घालून बघितलं: ताकद, ॲव्हरेज, धूर, कशातही मोलाचा फरक नाही. पुढच्या वर्षी, जिथे प्रीमियमची शिफारस आहे पण सक्ती नाही, अशा गाड्या घेतल्या. तिथे सरासरीनं ॲव्हरेज २.७ टक्के वाढलं आणि अश्वशक्ती १.४ टक्के. एका मोठ्या गाडीत ॲव्हरेज ७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे फरक पडतो. पण कुठल्या गाडीत, किती, हे आकड्यांत सांगता येतं. सांगता येतं ते सांगत का नाही, एवढंच माझं विचारणं आहे.

आता तक्रारी. पेट्रोलवाल्यांपासून सुरू करतो.

तुमच्या महागड्या पेट्रोलला नाव आहे, रंग आहे, झेप घेणारं जनावर आहे. आकडा शोधावा लागतो. मी मुद्दाम एकदा नोझलपासून खांबापर्यंत सगळं वाचून काढलं. आग लागल्यास काय करावं तेही वाचून झालं, ऑक्टेन सापडला नाही. भरणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “काका, हे पॉवरवालं आहे.” त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलंय. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पंपावर ऑक्टेनचा आकडा लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत. छापायला फार जागा लागत नाही. दोनच तर अंक.

आणि अंक लिहाल तिथे पद्धतही लिहा. एकच पेट्रोल रिसर्च पद्धतीनं मोजलं तर एक आकडा येतो. मोटर पद्धतीत इंजिन जास्त फेऱ्यांवर चालवतात, मिश्रण जास्त तापवतात, तर आठ-दहा अंकांनी कमी येतो. अमेरिकेत या दोन्हींची सरासरी लावतात. तिथलं ८७ हे इतर ठिकाणच्या ९१-९२ च्या जवळपास पडतं. माझ्या एका गिऱ्हाइकानं परदेशातलं मॅन्युअल वाचून ‘आपल्या गाडीला ८७ चालतं, आपण उगाच ९१ भरतो’ असा निष्कर्ष काढला आणि दुसऱ्यानं नेमका उलटा. दोघांची वाद घालण्यात सकाळ गेली. माझीही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. इंजिन साफ ठेवणारी रसायनं, म्हणजे डिटर्जंट, आणि ऑक्टेन या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्टरवर, व्हॉल्व्हवर कीट धरू नये म्हणून डिटर्जंट. त्याचा नॉकशी थेट संबंध नाही. अमेरिकेनं १९९५ पासून सगळ्याच पेट्रोलमध्ये, साध्यासुद्धा, किमान डिटर्जंट सक्तीचं केलं. तुम्ही चांगलं डिटर्जंट महागड्या पेट्रोलपुरतं राखून ठेवता आणि मग ‘ऑक्टेन जास्त म्हणून इंजिन स्वच्छ’ असा समज होऊ देता. होऊ देता असं मुद्दाम म्हणतोय. तसं तुम्ही कुठे लिहीत नाही. पण दोन्ही वाक्यं एकाच फलकावर एकाखाली एक असतात आणि माणूस ती जोडून वाचतो. सरांनी वाचलीच.

हेही सांगून टाकतो: डिटर्जंट कितीही भारी असलं तरी ते एअर फिल्टरला पोचत नाही. प्लगची गॅप भरत नाही. चेनला तेल लावत नाही.

तिसरी. ‘पहिल्याच टाकीत फरक जाणवेल’ हे वाक्य काढून टाका. जाणवतो, हे मी नाकारत नाही. माझ्याकडून नुसती धुऊन नेलेली गाडीसुद्धा लोकांना हलकी वाटते. “मिस्त्री, काय केलंत, पळतेय नुसती!” काय केलं, पाणी मारलं. पण जाणवण्यावर मी बिल लावत नाही.

चौथी तक्रार लहान आहे पण रोजची. साध्याचं नोझल ‘बंद आहे’ असं सांगून महागड्याकडे वळवणं. होतं हे. सगळीकडे नाही, रोज नाही, पण होतं, आणि पाठीमागे रांग उभी असताना माणूस वाद घालत नाही.

आता गाडी बनवणारे. तुम्ही सुटलात असं समजू नका. माझ्या हिशेबात तुमचा वाटा कमी नाही.

काही वर्षांपूर्वी एक तरुण मोटारसायकल घेऊन आला. सेकंडहँड घेतलेली, मॅन्युअल मिळालं नव्हतं. इंजिन पॉवरफुल, कॉम्प्रेशन ११ च्या वर, आणि नॉक सेन्सर नाही. त्या इंजिनाला ९५ लागत होतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं होतं फक्त ‘अनलेडेड’. तो बिचारा साधं भरत होता, पैसे वाचवायला नव्हे, माहीत नव्हतं म्हणून. मित्राला मागे बसवून मोठा चढ चढला. टिकटिक ऐकली होती, म्हणाला, “मला वाटलं चेन वाजतेय.”

हेड उघडलं तेव्हा पिस्टन हातात घेऊन मी त्याला दाखवला. कडेला, एक्झॉस्टच्या बाजूला, वाळवीनं कुरतडल्यासारखी बारीक बारीक भोकं पडली होती. वरच्या रिंगच्या खालची पट्टी तडकून तिचा एक तुकडा गायब. तो तुकडा सिलिंडरात फिरला होता. भिंतीवर नखाला लागेल असा उभा ओरखडा होता. तो मुलगा बराच वेळ अंगठ्यानं पिस्टनची कड चाचपत राहिला. मग विचारलं, “हे कुठे लिहिलेलं असतं?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या गाडीवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एकीकडे ९१ वाला ९५ भरून पैसे घालवतो, दुसरीकडे ९५ वाला ९१ भरून पिस्टन घालवतो. दोघांना लागणारी माहिती एकच होती आणि ती दोन अंकांची होती.

जिथे लिहिता तिथेही धड लिहीत नाही. ‘उत्तम कामगिरीसाठी उच्च ऑक्टेन इंधन वापरावे.’ उच्च म्हणजे किती? उत्तम म्हणजे किती? न वापरल्यास इंजिन बिघडेल की फक्त जरा मंद होईल? ‘आवश्यक’ आणि ‘शिफारस’ या दोन शब्दांत एका पिस्टनचा फरक आहे आणि मॅन्युअलमध्ये ते एकमेकांच्या जागी सर्रास फिरतात. ताकदीचा आकडा तुम्ही माहितीपत्रकात दशांशापर्यंत छापता. तो कुठल्या पेट्रोलवर मोजला ते तळटीपेत, आणि कधी कधी तेही नाही.

जुन्या गाड्यांचं आणखी एक आहे, तेही तुम्ही सांगत नाही. इंजिन वापरून वापरून पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बन साठतो. तो जागा अडवतो, तापून राहतो, आणि नवी असताना ९१ वर गप्प असलेली गाडी त्याच पेट्रोलवर टिकटिक करायला लागते. इथे वरचं पेट्रोल खरंच उपयोगी पडतं, मी स्वतः सुचवतो. पण तात्पुरतं. कार्बन काढणं, टायमिंग तपासणं, कूलिंग नीट आहे का बघणं हा इलाज. ताप उतरवायची गोळी आणि तापाचं कारण या वेगळ्या गोष्टी आहेत.

या आकड्याच्या नादात माणसानं काय काय केलंय ते आठवलं की मला जरा गंभीर व्हायला होतं. १९२१ साली जनरल मोटर्समध्ये टॉमस मिजलीनं नॉक थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून बघितलं. नॉक थांबलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं, ते बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार मेले, तरी ते विकलं गेलं, आणि जगातल्या शेवटच्या देशानं, अल्जेरियानं, गाड्यांसाठी ते विकणं थांबवलं २०२१ साली. १०० वर्षं. त्या काळीही डब्यावरच्या नावात शिसं हा शब्द नव्हता. छान, हलकं, ‘एथिल’ असं नाव होतं. तुमच्या आजच्या पेट्रोलात शिसं नाही, त्याच्याशी तुलना करत नाही. पण रसायन एक आणि नाव भलतंच, ही खोड या धंद्यात नवी नाही एवढंच सांगतो.

तर मागण्या. थोड्या आहेत, आणि यातल्या कशालाही संशोधन लागत नाही.

१. प्रत्येक नोझलवर ऑक्टेनचा आकडा आणि तो मोजण्याची पद्धत, रांगेतल्या माणसाला गाडीवर बसल्या बसल्या वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत.

२. ‘ताकद’, ‘पॉवर’, ‘पिकअप’ हे शब्द जाहिरातीत वापरायचे तर शेजारी लिहा: कुठल्या प्रकारच्या इंजिनात, किती टक्के, कुणी मोजलं. लिहिता येत नसेल तर शब्द काढा.

३. चांगलं डिटर्जंट साध्या पेट्रोलमध्येही घाला. इंजेक्टर काय गरिबाचा आणि श्रीमंताचा वेगळा असतो?

४. फलकावर एक ओळ वाढवा: ‘तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ऑक्टेनपेक्षा जास्त भरण्याची गरज नाही.’ अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन ग्राहकांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलंय. तुमचा खप याच्यानं थोडा पडेल, मला कळतं. ज्यांना खरंच ९५ लागतं ते भरतीलच.

५. भरणाऱ्या मुलांना दोन वाक्यं शिकवा. “गाडीला कितीचं लागतं?” आणि “झाकणावर बघा.”

६. आणि गाडीवाल्यांनो, झाकणावर बघितल्यावर तिथे काहीतरी असू द्या. कागदी स्टिकर नको, दोन पावसाळ्यांत जातो. पत्र्यात ठोकून किंवा प्लास्टिकमध्ये साच्यातूनच काढून. किमान आकडा एक. त्यापेक्षा वरचं घातल्यानं या गाडीला फायदा आहे की नाही, हो किंवा नाही. असेल तर किती, ते मॅन्युअलमध्ये, दोन्ही पेट्रोलवर मोजलेल्या ताकदीसह.

माझा यात स्वार्थ काय, असंही कुणी विचारेल. धंद्याच्या दृष्टीनं बघाल तर उलटाच आहे. पिस्टन खराब झाला की मला काम मिळतं, सर्व्हिस टाळली की पुढे मोठं काम मिळतं. त्या मोटारसायकलचं बिल माझ्या त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं होतं. तो मुलगा दोन हप्त्यांत पैसे देऊन गेला आणि दुसऱ्या हप्त्याला येताना हेडफोन काढून चेनचा आणि नॉकिंगचा आवाज कसा ओळखायचा ते विचारून गेला. त्याला मी एक चालू इंजिन टिकटिकवून ऐकवलं. तेवढं शिकवणं माझ्या हातात होतं.

सर आता साधं भरतात. पण त्यांचं समाधान झालेलं नाही, आणि मला ते आवडलं. परवा डायरी घेऊन आले आणि म्हणाले, “तू सांगतोस म्हणून ऐकलं, पण उद्या दुसरा कुणी वेगळं सांगेल. लेखी कुठे आहे?” त्यांच्या स्कूटरच्या मॅन्युअलचं ते पान मी काढून दिलं. बारीक अक्षरं, टायरच्या हवेच्या तक्त्याखाली, भिंग लावून त्यांनी वाचलं. डायरीत उतरवून घेतलं, पान क्रमांकासकट.

तुमच्या उत्तराची वाट बघतो. तोवर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी पक्क्या मार्करनं आकडा लिहून देतोय. ९१, ९५, जो असेल तो. पेट्रोलच्या वाफेनं सहा-आठ महिन्यांत पुसट होतो. गाडी सर्व्हिसला आली की पुन्हा गिरवतो.

आपला,
एक गॅरेजवाला